मुलीच्या पोस्टरांआधी, तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीला ८४ टक्के होते. जेईईचा क्लास लावलाय, पण ती रात्री पोस्टरं करत बसते. मोजक्या रेषा, सपाट रंग आणि विषय एकच, अमेरिकेतले कृष्णवर्णीय. ग्लेन लायगन नावाच्या चित्रकाराचं तिला वेड लागलंय. त्या लोकांशी आपला काय संबंध? ती स्वतः सावळी, त्यात दिवसभर काळी चित्रं. हे वेड कसं काढावं? डिझाइनला स्कोप आहे का? तीन पोस्टरं सोबत पाठवतोय.

उत्तर: ‘ती स्वतः सावळी, त्यात दिवसभर काळी चित्रं.’ माझं लक्ष टक्क्यांवर गेलंच नाही, या वाक्यावर अडलं. असं वाक्य पत्रात सहज उतरतं तेव्हा घरातही ते बोललं जात असतं, आणि मुलीच्या कानावर पडत असतं. कातडीचा रंग म्हणजे उणीव, हे ऐकत वाढलेल्या मुलीला तसं न मानणारी चित्रं सापडली आहेत. ती काढून घेऊ नका. आज घरात हा विषय निघाला तर तिच्या रंगाबद्दल चकार शब्द काढू नका, एवढी कळकळीची विनंती.

संबंध म्हणाल तर जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून आलं.

परीक्षांचं थोडक्यात: बीडिझाइनसाठी यूसीड (आयआयटी वगैरेंसाठी) आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, राज्यातल्या बीएफएसाठी सीईटी. स्कोप आहे, पण हात तयार असेल त्यालाच.

आता एक गैरसमज, जो तुमचाही आहे आणि थोडा तिचाही. मोजक्या रेषा-रंगांची ‘मिनिमल’ शैली म्हणजे कमी मेहनत, चेहरा गाळला की झालं, असं नसतं. लायगन स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकन; त्याची दारांवर केलेली १९९०ची चित्रं पाहा. दाराच्या पांढऱ्या फळीवर स्टेन्सिल (अक्षरं कापलेला साचा) धरून काळ्या ऑइलस्टिकने, म्हणजे तैलरंगाच्या कांडीने, तो एकच वाक्य वरपासून खालपर्यंत पुन्हापुन्हा लिहितो. वाक्य झोरा नील हर्स्टन या लेखिकेचं, १९२८चं: लख्ख पांढऱ्या पार्श्वभूमीवर उभं केलं की आपण काळे आहोत हे सर्वांत जास्त जाणवतं. ऑइलस्टिक लवकर सुकत नाही. स्टेन्सिलच्या कडांना रंग चिकटतो आणि पुढच्या ओळीवर उतरतो. वरची ओळ स्वच्छ, मधल्या ओळी माखलेल्या, तळाशी अक्षर ओळखू येत नाही. एक वाक्य, एक रंग, एक अक्षरमाप. माणसाचं चित्र कुठेच नाही, आणि तरी सगळं तिथे आहे. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी अटलांटातल्या विद्यार्थ्यांकडून १९००च्या पॅरिस प्रदर्शनासाठी हाताने करून घेतलेले तक्तेही तिने पाहावेत. कृष्णवर्णीयांची लोकसंख्या, जमीन, शिक्षण, सगळं लाल-पिवळ्या-हिरव्या सपाट पट्ट्यांत आणि सर्पिलात. चेहऱ्याशिवाय माणसं कशी मांडायची, ते तिथे शिकायला मिळेल.

तिची पोस्टरं मात्र या कसोटीला उतरत नाहीत. पहिल्या दोन्हींत कुळकुळीत काळा चेहरा, नाक-डोळे नाहीत, फक्त जाड लाल ओठ. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून गोरे नट तोंडाला काळं फासून, ओठ मोठे रंगवून कृष्णवर्णीयांची टिंगल करत. तेच चित्र नकळत तिच्या हातून उतरलंय. तिला हे स्पष्ट सांगा, रागावून नको. त्वचा रंगवायची तर नुसता काळा वापरू नये. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळत गडद छटा आणावी. उजेडासाठी थेट पांढरा घातला तर त्वचा राखेसारखी दिसते. एमी शेराल्ड ही कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार त्वचा मुद्दाम करड्या रंगात रंगवते, पण तो तिने विचार करून घेतलेला निर्णय आहे.

तिसरं पोस्टर, फक्त अक्षरांचं, खरंच चांगलं आहे. तिथूनच पुढे जावं. वाक्य मात्र तिने स्वतःचं घ्यावं, मराठीत, चार-पाच शब्दांचं. जुन्या एक्स-रे फिल्मवर ३ सेंटिमीटर उंचीची अक्षरं कापावीत. देवनागरीत इथेच घोटाळा होतो: शिरोरेषा सलग कापली की फिल्म मधोमध लोंबते आणि अक्षरं हलतात. म्हणून दर अक्षरानंतर २-३ मिलिमीटरचा पूल, म्हणजे न कापलेली पट्टी, ठेवायचा. व, ब, क यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो, त्यालाही पूल हवा. मग पांढऱ्या कार्डशीटवर काळ्या ऑइल पेस्टलने बारा ओळी, मध्ये स्टेन्सिल पुसायची नाही. पेस्टल ऑइलस्टिकपेक्षा कोरडं असतं, म्हणून थोडं जास्तच घासावं लागेल. पहिले दोन-तीन कागद वाया जातील, ते फेकू नयेत. सरावाच्या वहीत तेच लावावेत.

फिल्म कापायला धारदार कटर आणि खाली ठेवायला जाड काच लागेल. काचेच्या कडा घासून घ्या. तेवढं तुम्ही आणून द्या, आणि तिने वाक्य कोणतं निवडलं ते शांतपणे वाचा.