स्वादुपिंडाचा कॅन्सर, ऑपरेशन होत नाही म्हणतात. मग नॅनो-नाइफ करून घ्यावं का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: बाबा ६२ वर्षांचे, स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ, कावीळ झाली म्हणून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी नळी, टाकला, सर्जननी ऑपरेशन होणार नाही म्हणून सांगितलं. मग दुसऱ्या एका रुग्णालयाने नॅनो-नाइफ, म्हणजे विजेच्या झटक्यांनी गाठ मारायची पद्धत, सुचवलं, नऊ लाखांचं इस्टिमेट हातात ठेवलं आणि आठवड्याभरात कळवा म्हणाले. आता करावं की नाही, असं तुम्ही विचारताय.

मी डॉक्टर नाही. गिरगावात राहतो, छपाईचा छोटा धंदा आहे. २०२२ मध्ये माझ्या आत्याला हाच आजार निघाला. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे फाइल माझ्या काखेत. असंच इस्टिमेट आम्हालाही मिळालं होतं आणि मी एफडी मोडायला बँकेत जाऊन रांगेत उभाही राहिलो होतो. म्हणून लिहितोय.

आठवड्याभरात ठरवू नका. आधी सर्जनकडून एकच गोष्ट सोप्या मराठीत काढून घ्या: ऑपरेशन होत नाही, ते नेमकं कशामुळे?

कारण 'होत नाही' याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. एक, आजार यकृतात किंवा पोटाच्या पडद्यावर पसरलाय. तसं असेल तर नॅनो-नाइफचा विषय तिथेच संपतो, ती फक्त एका जागेवरच्या गाठीवरची गोष्ट आहे. दोन, आजार कुठे गेलेला नाही, पण गाठीने मोठ्या रक्तवाहिनीला वेढलंय. याला ते 'लोकली अॅडव्हान्स्ड' म्हणतात. बाबांच्या सीटीच्या रिपोर्टात 'एसएमए' ही अक्षरं आणि पुढे अंशांत एखादा आकडा असेल, तो शोधा. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या त्या धमनीला गाठ निम्म्याहून जास्त, म्हणजे १८० अंशांच्या वर, वेढून बसली असेल तर सर्जन सहसा हात लावत नाहीत.

आम्हाला हे ज्यांनी समजावलं त्यांनी स्क्रीन आत्याकडे वळवली आणि विचारलं, "चाळीत राहता ना? मागच्या पाइपात पिंपळ उगवलेला बघितलाय?" आत्या म्हणाली, बघितलाय म्हणजे काय, दरवर्षी तक्रार करते. ते म्हणाले, मुळं पाइपाला आवळून बसलीत. झाड उपटायला गेलो तर पाइपच हातात येईल. त्यावर आत्या म्हणाली, "म्युनिसिपालटीवाले वरवर छाटून जातात आणि पावसाळ्यात परत येतो." डॉक्टर हसले, पण उत्तर द्यायला त्यांनी जरा वेळ घेतला.

आता नॅनो-नाइफबद्दल. नावात चाकू आहे, प्रत्यक्षात सुया असतात. गाठीच्या कडेने दोन ते सहा सुया, पोट उघडून किंवा सीटीत बघत बाहेरूनच, खोचतात आणि एका सुईतून दुसरीकडे विजेचे झटके सोडतात. ३,००० व्होल्टपर्यंत, पण एकेक झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही छोटा. त्याने पेशींच्या आवरणाला बुजणार नाहीत अशी सूक्ष्म भोकं पडतात आणि पेशी मरतात. यकृतातल्या गाठी उष्णतेने जाळतात तसं स्वादुपिंडात करायला गेलं तर शेजारची धमनी, पित्तनलिका, आतडं भाजायची भीती. इथे मुख्य काम विजेचं, त्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीचा सांगाडा बहुतांशी टिकतो. कल्पना खरोखर हुशार आहे, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण हे काही 'सुई टोचली आणि घरी' असं प्रकरण नाही. पूर्ण भूल लागते, वर स्नायू पूर्ण सैल करायचं औषध, नाहीतर झटक्यासरशी अख्खं अंग उडेल. झटके ईसीजीच्या तालावर सोडतात, त्यामुळे पेसमेकर असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील तर बहुधा नकोच म्हणतात. नंतर स्वादुपिंडाला सूज, रक्तस्राव, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी, आतड्याला भोक, हे सगळं होऊ शकतं. पाच सेंटिमीटरच्या पुढच्या गाठीला सहसा नाहीच.

आणि बाबांच्या बाबतीत मी आज रात्रीच बघीन ती गोष्ट: स्टेंट प्लास्टिकचा आहे की धातूचा? धातूच्या जाळीजवळ वीज सोडली की तिथे उष्णता वाढायची भीती असते. आत्याला धातूचा टाकलेला होता. इस्टिमेट देणाऱ्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मीच दुसऱ्या ठिकाणी ऐकून येऊन विचारलं, तेव्हा "हो, ते बघावं लागेल" असं उत्तर आलं. माझा विश्वास तिथेच उडाला.

फायदा किती? आम्ही धावपळ करत होतो तेव्हा जे हातात नव्हतं ते आता आहे. नेदरलँड्समधल्या क्रॉसफायर नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले. ६८ रुग्ण, सगळ्यांची गाठ जागेवरच अडकलेली, आधी केमो झालेली. चिठ्ठी टाकावी तसे निम्मे नॅनो-नाइफच्या वाट्याला, निम्मे एमआरआयमध्ये बघत नेमक्या जागी दिलेल्या रेडिएशनच्या वाट्याला. नॅनो-नाइफ सरस ठरेल अशी लक्षणं दिसेनात म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. गट ठरल्यापासूनचं मधलं आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) रेडिएशनवाल्यांचं १६.१ महिने, नॅनो-नाइफवाल्यांचं १२.५. रुग्ण थोडे, त्यामुळे रेडिएशनच चांगलं असंही यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण सुया टोचून घेतलेले जास्त जगले, असं मात्र दिसलं नाही. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेनेही २०१७ मध्ये, या आजारात हे फक्त संशोधनाचा भाग म्हणून करा, असं सांगितलं होतं. तेव्हा नऊ लाख मागणाऱ्यांना हे दोन्ही समोर ठेवून विचारा. चिडले तर तेही एक उत्तरच समजा.

आणखी एक बघा, त्या चाचणीत सगळ्यांना आधी केमो होती. बाबांची केमो सुरू झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. नसेल तर नॅनो-नाइफ राहू दे, पहिला प्रश्न तो आहे. झेपत असेल तर फोलफिरिनॉक्स, म्हणजे अनेक औषधांची एकत्र केमो, देतात, दर पंधरा दिवसांनी, शेवटचं औषध कमरेला पंप लावून ४६ तास. आत्याला वयामुळे डोस कमी केला होता, तरी गारवा सोसायचा नाही, तिला माठातलं पाणीसुद्धा बोटांना सुया टोचल्यासारखं लागायचं. दूध फ्रीजमधून काढायला शेजारच्या काकू यायच्या. चार महिन्यांनी पुन्हा स्कॅन होतो आणि तिथे पत्ते उघडतात. काहींची गाठ इतकी मागे हटते की सर्जन पुन्हा ऑपरेशनचा विचार करतात. काहींचा आजार तेवढ्यात दुसरीकडे डोकं वर काढतो.

आत्याचं दुसरं झालं. सीटीत गाठ ३.९ वरून ३.१ सेंटिमीटर झालेली, सीए १९-९ (या कॅन्सरचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) निम्म्याहून खाली, मी पेढे आणायच्या बेतात. डॉक्टर म्हणाले, पुढचं काही ठरवण्याआधी दुर्बिणीने पोटात एकदा बघून घेऊ. यकृताच्या कडेला भाताच्या कणीएवढे दोन ठिपके निघाले. सीटीत ते दिसले नव्हते. पहिल्याच महिन्यात एफडी मोडून सुया टोचून घेतल्या असत्या तरी ते निघायचे ते निघालेच असते. त्यानंतर ती सात महिने होती.

दुसरी बाजूही सांगतो. केमोच्या बाकावर भेटलेल्या एका गृहस्थांच्या भावाने नॅनो-नाइफ करून घेतलं होतं, केमोनंतर, दीड वर्ष होऊन गेलं होतं आणि ते कामावर जात होते. त्या गृहस्थांच्या दृष्टीने तो चमत्कार. मी वाद घातला नाही. त्यातलं केमोचं किती आणि सुयांचं किती, हे एका माणसाकडे बघून कुणालाच वेगळं काढता येत नाही.

दुसरं मत परळला टाटामध्ये घ्या. तिथे पोटाच्या कॅन्सरचे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले मिळून ठरवतात, आणि नॅनो-नाइफ घ्यायचं की नाही यापेक्षा आधी काय, नंतर काय, हे सांगतात. जाताना सीटीची नुसती फिल्म नको, सीडी न्या, आणि बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आधीच्या लॅबमधून मागून घ्या. ब्लॉक मिळवायला आमचे चार दिवस गेले, कारण लॅबवाला म्हणे अर्ज पेशंटच्याच सहीचा हवा. सकाळी लवकर पोचा आणि डबा बरोबर ठेवा.

तोवर बाबांच्या खाण्याकडे बघा. वजन उतरतंय, संडासावर तेलाचा तवंग येतोय असं असेल तर स्वादुपिंडाचे रस कमी पडताहेत. त्याच्या कॅप्सूल मिळतात आणि त्या जेवण झाल्यावर नाही, पहिल्या घासाबरोबर सुरू करायच्या असतात. आम्ही दोन महिने चुकीच्या वेळी दिल्या. पाठीत कळ जात असेल तर पॅलिएटिव्ह (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या) विभागाचं नाव ऐकून घाबरू नका. पोटामागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन दुखणं उतरवतात. आत्याला ते केमो चालू असतानाच दिलं आणि त्या रात्री ती किती आठवड्यांनी उताणी झोपली.

स्टेंट कसला आहे आणि 'एसएमए'च्या पुढे किती अंश लिहिलेत, ते बघून इथेच कळवा.