कंबर धरली तर जर्मनीतल्या डॉक्टरला काय सांगशील

पुणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

कंबर धरली हे वाईटच. पण तुझ्या पत्रात दुखण्यापेक्षा राग जास्त दिसला: डॉक्टरने एक्स-रेसुद्धा काढला नाही, आयबुप्रोफेन दिली आणि ‘चालत-फिरत राहा’ म्हणून घरी पाठवलं. पुण्यात सकाळी उसण भरली तर संध्याकाळी एमआरआयची फाइल काखेत घेऊन माणूस घरी येतो, त्यामुळे तुला हे दुर्लक्ष वाटणं साहजिक आहे. पण डॉक्टरचं बरोबर आहे. अपघात, ताप, पायातली ताकद कमी होणं यातलं काही नसेल, तर पहिल्या चार-सहा आठवड्यांत फोटो काढून उपचार बदलत नाहीत. ज्यांचं काहीच दुखत नाही अशा विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी जवळपास ३० टक्क्यांमध्ये मणक्यातल्या गादीला फुगवटा दिसतो. तो शब्द रिपोर्टात वाचला की माणूस वाकायला घाबरतो, आणि दुखणं त्या भीतीनेच लांबतं.

तरी पुढे वाचण्याआधी उठ आणि दहा पावलं टाचांवर, दहा चवड्यांवर चालून बघ. एका पायाचा पंजा उचलताच येत नसेल तर आजच डॉक्टरकडे जा. लघवी अडली, झालेली कळली नाही, शौचावरचा ताबा सुटला किंवा सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी ११२ लाव. मणक्याच्या खालच्या टोकाला असलेल्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची ही लक्षणं असू शकतात, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. लघवीचं सांगायला लाजतात, म्हणून उशीर होतो. दवाखाने बंद आहेत, दुखणं सहन होत नाही, पण यातलं काही नाही, अशा वेळी ११६११७ हा नंबर.

आणखी एक गोष्ट तू आपण होऊन सांगायची. रात्री पडल्यावरही दुखणं थांबत नाही, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, घरात किंवा होस्टेलवर कुणाला टीबी झाला होता, यातलं काही असेल तर पहिल्याच वाक्यात बोल. मणक्याचा टीबी आपल्याकडे डॉक्टरच्या डोक्यात लगेच येतो, तिथे येईलच असं नाही.

आता भाषेचं. ‘कंबर’ शब्दाचं भाषांतर करायला जाऊ नकोस. डिक्शनरी तुला ड्रेसच्या मापाची कंबर देईल, नाहीतर खुब्यावर नेऊन सोडेल, आणि तपासणी भलत्याच सांध्याची होईल. ‘क्रॉइत्सश्मेर्त्सन’ म्हण, म्हणजे नेमकी पाठीची खालची बाजू. चमक भरते त्याला ‘श्टेखेंड’, बोथट ठणक्याला ‘डुम्फ’, मुंग्यांना ‘क्रिबेल्न’, बधिरपणाला ‘टाउब’. आपण सगळ्यालाच ‘आखडलंय’ म्हणतो, पण डॉक्टरला मुंग्या आणि बधिरपणा यांतला फरक हवा असतो.

चार ओळी कागदावर लिहून ने, कारण भेट दहा मिनिटांत संपते. केव्हापासून आणि काय करताना सुरू झालं. कळ गुडघ्याच्या खाली उतरते का, आणि कोणत्या बोटांपर्यंत. खोकताना, बसल्यावर, उभं राहिल्यावर यांपैकी कशाने वाढते. आणि काय करता येत नाही: ‘फार दुखतं’ऐवजी ‘वीस मिनिटांच्या वर बसता येत नाही’ असं लिही.

पाचवी ओळ औषधांची, आणि इथेच घोळ होतो. आईने बॅगेत भरलेली ती ‘कंबरेची गोळी’ बहुतेक अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटॅमॉल एकत्र असलेली आहे. तिच्यावर आयबुप्रोफेन घेतलीस तर एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास, कंबरेला जास्तीचा उपयोग शून्य. दोन्हींपैकी एकच घे. जर्मनीत ४०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेन चिठ्ठीशिवाय मिळते. स्वतःच्या मनाने दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही, चार दिवसांच्या वर नाही, आणि जेवणानंतरच. दमा किंवा अल्सर असेल तर आधी डॉक्टरला विचार.

दोन दिवसांच्या वर अंथरुणात राहू नकोस. शेकायचं ते पंधरा-वीस मिनिटं, आणि दर तासा-दीड तासाने उठून पाच मिनिटं चाल.

पंधरवड्यात उतार पडला नाही तर हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फिजिओथेरपीची चिठ्ठी माग. बहुतेक वेळा सहा सत्रं लिहून मिळतात. सरकारी विमा असेल तर खर्चाचे १० टक्के आणि चिठ्ठीमागे १० युरो तुझ्या खिशातून. चिठ्ठीच्या तारखेपासून २८ दिवसांत पहिलं सत्र झालं पाहिजे, नाहीतर ती बाद. फिजिओकडे वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच फोन सुरू कर, आणि एकाला नाही, पाच-सहा जणांना. तिथे नुसतं मशीन लावून घेऊ नकोस. घरी करायचे दोन व्यायाम शिकून ये.

ऑर्थोपेडिककडे थेट जाता येतं, पण तारीख लांबची मिळते. हाउसआर्ट्स्टने तातडीची चिठ्ठी दिली तर तिच्यावर बारा अंकी कोड असतो; तो ११६११७ च्या सेवेत दिला की ती लोकं तारीख शोधून देतात.

एमआरआय झालाच तर रिपोर्टाबरोबर मूळ चित्रांची सीडीही मागून घे. पुण्यातल्या डॉक्टरला मत द्यायला नुसता कागद पुरत नाही. त्यांनी मत दिलं तरी त्यांची चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात चालणार नाही, हे आईला आधीच सांगून ठेव. ‘सरळ इकडेच ये, दाखवू’ असं ती म्हणेल. पण कळ पायात उतरलेली असताना आठ तास विमानात बसणं हे आजच्या घडीला सगळ्यात वाईट औषध आहे.

उत्तरात बाकीचं नंतर लिही. टाचांवर चालता आलं का, ते पहिल्या ओळीत.

तुझा,
काका