एएम ट्रान्समीटरची पॉवर लिनिअरला झेपेल इतकी कशी उतरवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडला तुमच्या हॅम (हौशी) रेडिओ स्टेशनवर दोन ८०७ व्हॉल्व्हचा, प्लेट मॉड्युलेशनचा (आवाजाप्रमाणे व्हॉल्व्हच्या प्लेटचं व्होल्टेज बदलणारा) घरगुती एएम ट्रान्समीटर आहे, कॅरिअर (आवाज नसतानाची मूळ रेडिओलहर) ५० वॉट. त्यापुढे लिनिअर, म्हणजे पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, आहे; त्याला ५० वॉट ड्राइव्ह (आत दिला जाणारा सिग्नल) चालतो आणि तो ४०० वॉट देतो. तरी ४० मीटरच्या रेडिओ बँडवर आवाज फाटतो, आणि ग्रिड ड्राइव्ह (८०७ च्या ग्रिडला मिळणारा सिग्नल) उतरवला तर दबतो.

लिनिअरवर लिहिलेले ५० वॉट हे पीकचे, म्हणजे आवाजाच्या शिखरावरचे, असतात. शंभर टक्के मॉड्युलेशनला एएमची पीक पॉवर कॅरिअरच्या चौपट होते, म्हणजे तुम्ही त्यात २०० वॉट ढकलताय. लिनिअरला कॅरिअर साडेबारा वॉटच द्यायला हवा.

ग्रिड ड्राइव्हला मात्र हात लावू नका. मॉड्युलेशनच्या शिखरावर प्लेटचं व्होल्टेज दुप्पट होतं, तेव्हा करंटही दुप्पट व्हायला हवा. ड्राइव्ह अपुरा असेल तर व्हॉल्व्ह तो देऊ शकत नाही, शिखरं चपटी होतात आणि आवाज बसतो. लोडिंग (आउटपुटची अँटेनाशी जुळणी) बिघडवून पॉवर पाडली तर मॉड्युलेटरला (प्लेटला ऑडिओ पुरवणाऱ्या भागाला) दिसणारा भार बदलतो, तेही नको. एचटी (प्लेटला दिलेलं उच्च व्होल्टेज) निम्मी केली तर पॉवर बरोबर चौथाई होते, पण ऑडिओही त्याच प्रमाणात उतरवावा लागतो. ते विसरलं तर ओव्हरमॉड्युलेशन होऊन शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर स्प्लॅटर (खरखरीचा उपद्रव) जातो.

माझं मत विचाराल तर ट्रान्समीटर आणि लिनिअरच्या मध्ये ६ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे पॉवर चौथाई करणारं रेझिस्टरांचं जाळं, टाका. १५० ओमचे सहा रेझिस्टर घ्या. चार समांतर जोडले की साडेसदतीस ओम होतात, ते लाइनमध्ये. उरलेल्या दोनपैकी एक इनपुटकडून अर्थला, एक आउटपुटकडून अर्थला. लिनिअरचं इनपुट ५० ओमचं असेल तर ट्रान्समीटरलाही नेमके ५० ओमच दिसतात. हिशेब इतका स्वच्छ जुळतो की मला ही मांडणी फार आवडते. पूर्ण मॉड्युलेशनला इनपुटकडच्या रेझिस्टरमध्ये २५ वॉट जिरतात, बाकी पाचांत प्रत्येकी सव्वासहा. म्हणून पहिला ५० वॉटचा आणि हीटसिंकवर, बाकीचे १५ वॉटचे चालतील. वायरवाउंड घेऊ नका, त्यांचं इंडक्टन्स नडतं. रिसीव्हर वेगळा असेल तर अ‍ॅटेन्युएटर चेंजओव्हर रिलेच्या (अँटेना ट्रान्समीटर किंवा रिसीव्हरला जोडणाऱ्या स्विचच्या) अलीकडे, ट्रान्समीटरच्या बाजूला ठेवा, म्हणजे ऐकताना सिग्नल कमी होणार नाही.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उघडी सोल्डरिंग पावसाळाभरात हिरवी पडते. तेव्हा डबा बंद हवा, हीटसिंक तेवढा बाहेर. रत्नागिरीत माझ्याकडे कनेक्टरांवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप असते, साधी इन्सुलेशन टेप दमटपणात सुटते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती खरं तर. ४०० वॉट पीकचा लिनिअर एएमवर १०० वॉट कॅरिअरच देणार. तुमच्या ५० वॉटवर ती फक्त ३ डीबीची वाढ, ऐकणाऱ्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) अर्धा एस. त्यासाठी लिनिअर कॅरिअरवर सुमारे ३०० वॉट खाईल आणि २०० वॉट उष्णता सतत बाहेर टाकेल. पंखा नीट चालतो ना ते बघा, आणि परवान्यातली पॉवरची मर्यादाही. तुमचं घर किनाऱ्यालगत असेल तर खाऱ्या पाण्याजवळची व्हर्टिकल (उभी अँटेना) लांबच्या संपर्कांना याहून जास्त देईल. माझा पहिला खर्च अँटेनावरच झाला असता.

तरी लिनिअर लावणारच असाल तर आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) लावा आणि आउटपुट ऑसिलोस्कोपवर पाहा. माइकमध्ये शिट्टी मारल्यावर शिखराची उंची नुसत्या कॅरिअरच्या दुप्पट दिसायला हवी. वरून चपटी दिसली तर आधी लिनिअरचं लोडिंग थोडं वाढवून पाहा, आणि तरी चपटीच राहिली तर लिनिअरला जाणारा ड्राइव्ह अजून उतरवा.