कान देऊन : फार्गोची रात्र आणि एरंडेल

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचे मामा मुंबईत नोकरीला होते. गोव्याकडच्या वादकांत त्यांची ऊठबस असायची. ते गेल्यावर त्यांची ट्रंक माझ्याकडे आली. त्यात अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि वाद्यताफ्याचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टन याच्या फार्गो इथल्या कार्यक्रमाच्या एलपी आहेत. कार्यक्रम १९४० सालचा, रेकॉर्ड निघाली १९७८ मध्ये. मधली ३८ वर्षं ती कुठे हरवली होती, आणि सापडली कुणाला? शिवाय त्याच ट्रंकेत हाताने लिहिलेल्या लेबलांच्या चार काळ्या तबकड्या आहेत. त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली आहे. स्पिरिटने पुसल्या तर चालेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण हे वाचेपर्यंत बोळा स्पिरिटमध्ये बुडालेला असायचा. पुसू नका! सविस्तर पुढे सांगते, पण तोवर बाटली कपाटात ठेवा.

आता फार्गो. ‘हरवली’, ‘सापडली’ हे शब्द मला या रेकॉर्डच्या बाबतीत खटकतात. ती कधी हरवलीच नव्हती. ज्याने ती केली, त्याच्याच घरात होती.

जॅक टॉवर्स आणि डिक बरिस ही पंचविशीतली दोन पोरं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या साउथ डकोटा राज्यात रेडिओचं काम करणारी, आणि एलिंग्टनसाठी वेडी. ७ नोव्हेंबर १९४० ला शेजारच्या नॉर्थ डकोटात, फार्गो गावच्या क्रिस्टल बॉलरूममध्ये, एलिंग्टनचा ताफा वाजवायला येणार होता. यांनी त्याच्या न्यूयॉर्कच्या एजन्सीला पत्र घातलं की आम्हाला ध्वनिमुद्रण करायचंय. परवानगी मिळाली, पण एका अटीवर : हे तुमच्या खासगी ऐकण्यापुरतं, विकायचं नाही. त्या संध्याकाळी खुद्द एलिंग्टननेही होकार दिला. मग मंचापाशी मायक्रोफोन लागले आणि शेजारी तबकडी कोरायचं यंत्र मांडलं.

हे यंत्र कसं चालतं ते ठाऊक असल्याशिवाय त्या रात्रीची गंमत कळायची नाही. अमेरिकेत टेप अजून यायची होती. अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीवर लॅकरचा, म्हणजे व्हार्निशसारख्या लेपाचा, मऊ थर, आणि फिरत्या थाळीवर सुई थेट खोबण कोरत जाते. कोरताना केसासारखा काळा धागा निघत राहतो, रंध्याखालच्या ढलपीसारखा. तो ब्रशने बाजूला सारत राहायचा. सुईत गुंतला तर खोबण बिघडली, आणि ठिणगी पडली तर भडकलाच, इतका ज्वालाग्राही. सोळा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पंधरा मिनिटं मावतात. भरली की उलटा, नाहीतर नवी लावा. ताफा काही तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून तुमच्या एलपीवर काही गाणी मध्येच तुटतात. तो दोष तुमच्या प्लेअरचा नाही, उगाच सुई बदलायला जाऊ नका.

पण मिळालं काय ते बघा. त्या काळी स्टुडिओतली दहा इंची रेकॉर्ड तीन मिनिटांत संपे, म्हणून वादकाच्या वाट्याला एखादं आवर्तन आलं तरी पुष्कळ. फार्गोला घाई नव्हती. समोर लोक नाचताहेत, गप्पा मारताहेत, आणि बेन वेबस्टर ‘स्टारडस्ट’ वाजवताना टेनर सॅक्सोफोनवर असा रेंगाळतो की बैठकीत रंगलेल्या गवयाची आठवण यावी. ट्रम्पेटवादक कुटी विल्यम्स ताफा सोडून बेनी गुडमनच्या ताफ्यात गेला होता. त्याच्या जागी आलेला रे नान्स अगदी नवखा, रुजू होऊन काही दिवसच झालेले. आणि मागे जिमी ब्लँटनचा डबल बेस. हेडफोन लावा आणि थोडा वेळ फक्त त्याच्या मागे जा. स्टुडिओबाहेर हा माणूस नाचणाऱ्यांसमोर कसा वाजवायचा ते कळायला यासारखा पुरावा विरळा. १९४२ मध्ये क्षयाने गेला, तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

टॉवर्स पुढे अमेरिकेच्या शेतकी खात्यात रेडिओचं काम करत राहिला आणि तबकड्या सांभाळत राहिला. मधल्या काळात चोरट्या प्रती फिरल्या. एलिंग्टन १९७४ मध्ये गेला, आणि १९७८ मध्ये टपालाने पुस्तकं विकणाऱ्या एका बुक क्लबने रीतसर संच काढला. त्याला पुढे ग्रॅमी हे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिकही मिळालं. पण मला कौतुक ग्रॅमीचं नाही. ‘विकणार नाही’ म्हणून दिलेल्या शब्दावर एवढी वर्षं तबकड्या घरात ठेवणाऱ्याचं आहे. जुन्या तबकड्यांचा आवाज स्वच्छ करण्यात टॉवर्सचं नाव पुढे मोठं झालं. मऊ लॅकरला काय सोसतं आणि काय नाही, हे त्याने पहिल्यापासून हाताळून पाहिलेलं होतं.

तुमच्या मामांना हा संच का हवासा वाटला असेल? मुंबईतही जॅझ वाजत होतं : मिकी कोरिया १९३९ पासून दोन दशकं ताजमहाल हॉटेलात ताफा चालवत होते. गोव्यातल्या आल्दोनाचे चिक चॉकलेट आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांमागे ट्रम्पेट घेऊन उभे होते. १९६३ मध्ये एलिंग्टन स्वतः मुंबईत वाजवून गेला. अशांत ऊठबस असलेल्या माणसाच्या ट्रंकेत हा संच नसता तरच नवल.

आता त्या चार तबकड्या. कड बघा. कडेला धातूची चकाकी दिसली, किंवा मधल्या भोकाशेजारी आणखी एखाद-दोन भोकं असली, तर त्या बहुधा फार्गोसारख्याच थेट कोरलेल्या आहेत. मग ती पांढरी पूड बुरशी असेलच असं नाही. लॅकर मऊ राहावा म्हणून त्यात एरंडेल घालत. हो, तेच आपल्या लहानपणीचं, नाक दाबून प्यायलेलं. वर्षांनुवर्षांत त्यातली आम्लं पृष्ठावर येतात आणि पांढरी साय धरते. थर आतून आकसतो, तडकतो, पापुद्रे सुटतात. स्पिरिटने तर लॅकरच खराब होतो. साध्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी असल्या तरी नको, कारण त्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे कुठलाही पॉलिशवाला सांगेल. पंचवीस वर्षांची असताना मी हा उद्योग केलाय. शेजारच्या आजोबांची रेकॉर्ड होती. बोळा काळा झाला आणि मी खूश, केवढा मळ निघतोय म्हणून! तो मळ नव्हता, गाणं होतं. आजोबा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

म्हणून, चारही तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक नाही. माळ्यावर किंवा पत्र्याखाली नकोत. लावून बघायचा मोह आवरा. मऊ थरावर प्रत्येक फेरीत थोडं झिजतं, आणि एलपीची सुई जुन्या रुंद खोबणीच्या तळाशी नुसती घासत जाते. पहिली फेरीच आवाजाची प्रत उतरवून घेण्याची असावी, योग्य सुईने, जाणत्या माणसाकडून. लेबलांचे आणि कडेचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. लेबलावर पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर दिवा तिरका धरून काढा, नाहीतर फोटोत उमटत नाही.