उन्हाळी टोमॅटो पहिल्यांदाच लावताय? आधी उन्हाचा ताण सांभाळा

भाऊ, पहिल्याच वर्षी उन्हाळी टोमॅटो घेताय, छान! फवारणीचं वेळापत्रक नंतर बघू, आधी एक गोष्ट समजून घ्या. अळीनं पान कुरतडलं की झाड जास्मोनिक आम्ल हे संप्रेरक तयार करतं. त्यामुळे पानात अळीला पचायला जड जाणारी प्रथिनं वाढतात. पण पारा ३८ अंशांकडे गेला की हेच संप्रेरक पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, उघडू देत नाही. बाष्प बाहेर पडत नाही, पान तापतं आणि वाढ खुंटते. वर उष्म्यात अळी खातेही जास्त. मार दुहेरी बसतो.

म्हणून सुरुवातीला एवढंच:

- पाणी तुटू देऊ नका. ठिबक पहाटे चालवा, आच्छादन टाका. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी उठतंय का, हे रोज बघा. नाही उठलं तर मुळाशी माती उकरून ओल तपासा.
- युरिया हात राखून. लुसलुशीत शेंड्यावर मावा आधी बसतो.
- पानाची खालची बाजू भिंगातून बघा. बारीक जाळी आणि पिवळट ठिपके दिसले तर तो लाल कोळी, त्याला कोळीनाशकच लागतं. नवे लोक इथे हमखास चुकतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मारतात, कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी माजतो.

सॅलिसिलिक आम्लाची (हेही झाडातलं एक संप्रेरकच) बाटली कुणीतरी गळ्यात मारेल. यंदा नको. ते जास्मोनिकच्या कामात आडवं येऊ शकतं.

लावण झाली की शेंड्याचा फोटो नक्की पाठवा.