वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सारखी थंडी वाजते, हे नॉर्मल आहे का?

पाच महिन्यांत ३४ किलो उतरले आणि आता पंख्याखाली बसवत नाही, मोजे घालूनही पाय गार पडतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचताना माझेच दिवस आठवले. माझं गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून त्याला थेट पुढचं आतडं जोडायची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया) झालं त्याला तीन वर्षं होतील. त्याआधी घरात पंखा पाचावर ठेवणारी मीच. चौथ्या महिन्यात मात्र भर दुपारी शाल पांघरून बसायचे. बोटं इतकी गार की मुलीच्या गालाला हात लावला की ती दचकायची.

थंडी वाजणं बऱ्याच जणांना होतं. कातडीखालचा चरबीचा थर अंगातली ऊब धरून ठेवतो, तो झपाट्याने पातळ होतो. अन्न पचवतानाही शरीरात उष्णता तयार होते, पण आता आपलं जेवणच चार घासांचं. शिवाय इतकं कमी खाणं मिळालं की शरीर काटकसरीला लागतं. थायरॉइडचं टी-३ हार्मोन खाली येतं, ऊर्जा जपून वापरली जाते. प्रोटीन कमी पडलं तर स्नायूही झडतात, आणि अंगातली बरीचशी ऊब तर स्नायूच तयार करतात. म्हणून दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन पोटात जातंय का, हे खरंच मोजून बघा. वजन स्थिरावलं की हा त्रास बऱ्याच जणांचा कमी होतो.

पण एवढ्यावर थांबू नका, हे मी कळकळीने सांगते. मलाही ‘चरबी गेली की थंडी वाजणारच’ असं सांगून परत पाठवलं होतं. मी तेच धरून बसले. पुढे एक जिना चढला तरी धाप लागायला लागली, केस मुठीने गळायला लागले. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे वरवर ठीक. दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन तपासलं, ते निघालं ८. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं, त्यामुळे नुसत्या हिमोग्लोबिनवरून हे कळलंच नसतं.

चूक माझीही होती. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मी सकाळी एकदमच घ्यायचे. कॅल्शियम लोह शोषू देत नाही. बायपासमध्ये लोह जिथे सगळ्यात जास्त शोषलं जातं तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच वगळलेला असतो, त्यात ही भर. दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती या दोन्हींपासून चार तास लांब.

तेव्हा सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी), फेरिटिन, व्हिटॅमिन बी-१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकदा करून घ्याच. धाप, छातीत धडधड किंवा हातापायांना मुंग्या असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. जेवणानंतर एक ते तीन तासांनी घाम फुटून, थरथर सुटून अंग गार पडत असेल तर ते वेगळं. ती साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

पायांना गरम पाण्याची पिशवी लावत असाल तर आधी हाताने तापमान बघा. बी-१२ कमी असलं की पाय बधिर होतात आणि भाजलेलं कळत नाही. मी झोपण्याआधी पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून लगेच लोकरीचे मोजे घालायचे. फेरिटिन वर यायला मला पाचेक महिने लागले, त्यानंतर ती दुपारची शाल सुटली. पहाटे मात्र अजून लागते.