दिवस गेलेत, पण आनंद होत नाहीये

"मॅडम, सगळे म्हणतात आता तरी खूश राहा. मला आनंदच होत नाहीये. म्हणून काही वाईट तर होणार नाही ना?"

एकदा गर्भपात झाल्यावर पुन्हा दिवस गेलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा वाक्यं थोडीफार बदलतात, काळजी तीच असते. कुणी दर तासाला बाथरूममध्ये जाऊन डाग बघते. कुणी मळमळ थांबली म्हणून रडते. गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. मेधाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे, आणि तिची परवानगी आहे.

मेधा नाशिक जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर. आदल्या श्रावणात नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके मिळाले नव्हते. ना रक्तस्राव, ना दुखणं. आदल्या रात्रीपर्यंत उलट्या चालू होत्या. पिशवी साफ करावी लागली. जानेवारीत पुन्हा दिवस असल्याचं कळलं आणि सातव्या आठवड्यात ती माझ्यासमोर बसली होती, पर्स पोटाशी घट्ट धरून.

"ठोके दिसले ना सोनोग्राफीत?" मी विचारलं.

"गेल्या वेळीही आधी दिसलेच होते."

आता इथे आकडेवारी सांगायचा मोह होतो. दिवस राहिल्याचं कळलेल्या दर १०० बायकांपैकी साधारण १० ते २० जणींचा गर्भ आपोआप पडतो, त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. ठोके दिसल्यावर धोका बराच उतरतो. एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक बायकांची पुढची खेप नीट पार पडते. हे सगळं खरं आहे आणि मी तिला सांगितलंही. पण जी एकदा त्या थोड्यांमध्ये सापडली, तिला 'बहुतेक' हा शब्द धीर देत नाही. तिच्यापुरता आकडा शंभर टक्केच होता.

मेधा काउंटर बंद करून उठायची, बाथरूममध्ये जाऊन बघायची आणि परत यायची. रांगेतली माणसं कुरकुरायला लागली होती. मॅनेजरने एकदा विचारलंही.

"गेल्या वेळी डाग दिसला होता का तुला?"

"नाही."

"मग शोधतेस काय?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "माहीत नाही. पण बघितलं की दहा मिनिटं बरं वाटतं."

"आणि अकराव्या मिनिटाला?"

"परत जाते."

हे तिचं तिलाच ऐकू आलं. त्या दिवशी मी एवढंच सांगितलं: लागली की जायचं, बघायला म्हणून जायचं नाही. पहिला आठवडा फार कठीण जातो. काळजी आधी वाढते. पण बघितल्याशिवाय दुपार निघून जाते आणि काही कोसळत नाही, हा अनुभव कुणाच्या सांगण्याने येत नाही, तो स्वतःच घ्यावा लागतो.

तिच्या नवऱ्यालाही एकदा बोलावलं. सातपूरच्या कारखान्यात शिफ्टवर असलेला, शांत माणूस. दिवसातून पाच-सहा वेळा फोन करून तो एकच विचारायचा: "दुखत नाही ना? काही दिसलं नाही ना?" प्रत्येक फोननंतर मेधा बाथरूममध्ये. मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "नाही विचारलं तर हिला वाटेल मला पर्वा नाही." गेल्या वेळी दवाखान्यासाठी त्याने कंपनीत सुट्टी मागितली ती 'घरी पाहुणे आहेत' असं सांगून. बायकोचा गर्भपात झालाय, हे वाक्य बोलायला जागाच नव्हती त्याच्याकडे. पुरुषांच्या या दुःखाकडे आपल्याकडे कुणी बघत नाही, त्यावर पुन्हा कधीतरी. त्याला मी एवढंच सुचवलं की फोन कर, पण जेवलीस का, काय खाल्लंस, हे विचार. त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला.

खरी गोष्ट उलगडली ती त्यानंतर, एका डायरीमुळे.

पतसंस्थेची नवीन वर्षाची डायरी होती. तिने पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली होती. डावीकडे 'तेव्हा', उजवीकडे 'आता'. डावीकडे: स्कूटरवरून सिन्नरला गेले. उजवीकडे: रिक्षा. डावीकडे: श्रावणी सोमवारचे उपास केले. उजवीकडे: उपास नाही. पपईची एक फोड, फ्रीज पुसायला सरकवला, डाव्या कुशीवर झोपले नाही, मावशीकडच्या बारशाला गेले. प्रत्येकासमोर त्याचं उलट. नीट, वळणदार अक्षरात. डॉक्टरसुद्धा बदलले होते.

"हे कशासाठी?"

"कुठेतरी चुकलं असणार ना, मॅडम. आमच्याकडे संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही. दहा रुपयांचा फरक असला तरी शोधायचा."

"आणि शोधूनही सापडला नाही तर?"

"तर सस्पेन्स खात्याला टाकतात, हिशेब न लागलेल्या पैशांचं खातं." मग जरा थांबून, सहज म्हणून तिने जोडलं, "म्हणजे कॅश जास्त असेल तर. कमी असेल तर कॅशियरला भरावी लागते."

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे, आणि ती मला बरी जमते असं म्हणायला हरकत नाही: माणूस आपल्याच तोंडून महत्त्वाचं काही बोलून गेला की आपण मध्ये तोंड घालायचं नाही. पंख्याचा आवाज येत होता. तिने डायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी भरतेय," ती म्हणाली. "श्रावणापासून मीच भरतेय."

मग ती रडली. बरंच रडली. गर्भपातानंतर तिसऱ्या दिवशी कामावर हजर झालेली ही मुलगी, तिला रडायला वेळ मिळालाच नव्हता.

माझा पिंड अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर पोसलेला आहे. झालेल्या घटनेइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, त्या घटनेबद्दलचा धरून ठेवलेला समज माणसाला छळतो, हे मी रोज बघते. मेधाचा समज काय होता? कारण सापडायलाच हवं, आणि सापडत नसेल तर ते कारण मीच. वरवर हा अपराधीपणा वाटतो. पण त्याच्या पोटात एक दिलासाही लपलेला असतो, आणि म्हणूनच तो सोडवत नाही. चूक माझी असेल तर या वेळी ती टाळता येईल. चूक कुणाचीच नसेल, तर माझ्या हातात काहीच नाही. दोन्हींपैकी दुसरी गोष्ट मनाला जास्त भयंकर वाटते, म्हणून बायका पहिली पत्करतात. 'तुझी काही चूक नाही गं' असं आई, बहीण, मैत्रीण, डॉक्टर सगळे सांगून थकतात आणि ते आत शिरत नाही, त्याचं कारण मला इथे दिसतं. आपण तिचं ओझं काढून घ्यायला जातो आणि तिला वाटतं, आधारच काढून घेतायत.

म्हणून मी तिला 'तुझी चूक नाही' असं म्हटलं नाही. आम्ही यादी वाचली, एकेक ओळ. "यातलं कुठलं तुला डॉक्टरांनी सांगितलं?" एकही नाही. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त गुणसूत्रांच्या जुळणीतल्या बिघाडामुळे होतात. तो बिघाड बहुतेक वेळा फलनाच्या वेळी किंवा त्याआधीच झालेला असतो, स्कूटर स्टँडवरून काढायच्या कितीतरी आधी. फ्रीज सरकवून, एका पपईच्या फोडीने किंवा उजव्या कुशीवर झोपून ते होत नाही. अंथरुणावर पडून राहिल्याने गर्भपात टळतो, यालाही पुरावा नाही. गंमत म्हणजे ज्या दोन गोष्टींना खरंच अर्थ आहे, रोजची फोलिक ॲसिडची गोळी आणि थायरॉइडची सकाळची गोळी, त्या ती न चुकता घेत होती आणि यादीत त्यांचा पत्ताच नव्हता.

"मग हे सस्पेन्सला टाकायचं?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"ऑडिटर विचारेल."

दोघीही हसलो. मग तिने पान उलटलं. मागच्या पानावर एकच ओळ होती. डावीकडे: खूप खूश होते. उजवीकडचा रकाना कोरा.

"इथे काय लिहायचं तेच कळत नाही," ती म्हणाली. "खूश आहे असं लिहिलं तर दृष्ट लागेल. खूश नाही असं लिहिलं तर बाळाला काय वाटेल?"

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी याच कात्रीत सापडलेल्या असतात. एकीकडे गेल्या वेळी पेढे वाटले म्हणून झालं, ही भीती. दुसरीकडे गर्भारशीने सदा आनंदी राहावं, नाहीतर बाळावर परिणाम होतो, हा धाक. गर्भसंस्काराच्या नावाखाली हल्ली आनंदाचीही सक्ती होते, हे मला अजिबात पटत नाही. महिनोन्महिने चाललेलं, उपचार न घेतलेलं नैराश्य ही वेगळी गोष्ट आहे, त्यावर उपचार घ्यायलाच हवेत. पण चार अश्रूंनी किंवा रात्री तीनला आलेल्या वाईट विचाराने गर्भ पडत नाही, आणि आनंदाने तर नाहीच नाही. आनंद आवरून धरला म्हणून पुढचं दुःख कमी होतं, असंही मी कुणाच्या बाबतीत पाहिलेलं नाही. मात्र आनंद होत नसेल तर तो ओढून आणायचीही गरज नाही. भीती आणि माया एकाच वेळी एकाच पोटात राहू शकतात.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा कोरा रकाना भरला होता: 'भीती वाटते. आंबट बोरं हवीत.' मी विचारलं, "आणि खूश?" म्हणाली, "निम्मी." माझ्या दृष्टीने ते पूर्ण उत्तर होतं.

सासूबाईंना तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची होती, मेधा टाळत होती. आता तिने एक अट घातली, 'या वेळी सगळं चांगलं होणार' असं कुणी म्हणायचं नाही. सासूबाईंनी देवापुढे बसवून खण, नारळ, तांदळाने ओटी भरली आणि खरोखर एक अक्षर बोलल्या नाहीत. हे त्यांना किती जड गेलं असेल!

या अवस्थेतून जाणाऱ्या, वाचणाऱ्या प्रत्येकीसाठी काही रोखठोक गोष्टी. मागच्या वेळी ज्या आठवड्यात गेलं, तो आठवडा या वेळी सगळ्यात जड जातो. तो आधीच कॅलेंडरवर ओळखून ठेवा आणि त्या दिवसांत एकटं राहू नका. घरच्या घरी पट्टीवर पुन्हा पुन्हा तपासणी करू नका. रेघ गडद आली की फिकट, यावरून गर्भ कसा आहे ते कळत नाही. मळमळ, स्तनांचं दुखणं आज जास्त आणि उद्या कमी होतं. दहाव्या आठवड्याच्या आसपास संप्रेरकाची पातळी शिखर गाठून उतरायला लागते, तशी मळमळही उतरते. पहिल्या तीन महिन्यांत चारपैकी साधारण एकीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यातल्या अनेकींची गर्भधारणा पुढे नीट चालते. तरीही डाग दिसला तर डॉक्टरांना कळवा. जास्त रक्त जात असेल, पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, खांदा दुखत असेल, चक्कर येत असेल तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. कशासाठी फोन करायचा आणि कशासाठी नाही, हे डॉक्टरांना एकदाच विचारून कागदावर लिहून घ्या. मग रात्री स्वतःशी वाद घालावा लागत नाही. पुढची सोनोग्राफी कधी, तेही ठरवून घ्या. ११ ते १४ आठवड्यांच्या मधली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागचा द्रवाचा थर मोजणारी) बहुतेकींचा मैलाचा दगड ठरते.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा रिवाज पाळायचा तर पाळा. पण काही बरंवाईट झालं तर ज्यांच्यापाशी रडता येईल, अशा दोघा-तिघांना आधीच सांगून ठेवा. नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा हा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून मिळालेला हक्क आहे, डॉक्टरांचा दाखला लागतो. मेधाला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती तिसऱ्या दिवशी काउंटरवर होती. आणि झोप उडाली, जेवण सुटलं, दिवसचे दिवस कशातच मन लागत नसेल किंवा जगूच नये असे विचार येत असतील, तर डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कधीही, मराठीतही बोलता येतं.

मेधाचं पुढे काय झालं, हे मी मुद्दाम लिहीत नाही. चांगलं लिहिलं तरी कुणीतरी 'मेधाने असं केलं म्हणून' असं आपल्या डायरीत उतरवून घेईल. एवढंच सांगते, एनटी सोनोग्राफीनंतरची आमची भेट तिने स्वतःच रद्द केली. ३१ मार्च जवळ आला होता, हिशेब लावायचे होते, आणि मॅडम, एप्रिलमध्ये बघू, असा तिचा मेसेज होता.